क्रीडा सट्टेबाजीसाठीच्या भाषा प्रारूपांचे पेटंट परीक्षण

क्रीडा सट्टेबाजीसाठीच्या भाषा प्रारूपांचे पेटंट परीक्षण म्हणजे खेळांच्या निकालांवर पैज लावण्याच्या उपयोजनांकरिता (ॲपकरिता) प्रशिक्षित केलेल्या संगणकीय भाषा प्रारूपांवर पेटंट अर्थात एकस्व मागितले असता त्या अर्जाची पेटंट कार्यालयाकडून होणारी कायदेशीर व तांत्रिक तपासणी होय. भारतात ही तपासणी पेटंट अधिनियम, १९७० अन्वये होते. अशा अर्जांसमोर दोन स्वतंत्र प्रश्न उभे राहतात. मागितलेली गोष्ट केवळ गणिती पद्धत, व्यवसाय पद्धत किंवा संगणक आज्ञावली आहे काय, हा पहिला प्रश्न. तिचा मुख्य वापर सार्वजनिक सुव्यवस्था किंवा नीतिमत्ता यांच्या विरुद्ध जातो काय, हा दुसरा. कोल्हापूर जिल्ह्यासह संपूर्ण महाराष्ट्रातील अर्जदारांचे अर्ज मुंबई येथील पेटंट कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येतात.

पार्श्वभूमी

भाषा प्रारूप ही मोठ्या प्रमाणातील मजकुरावर प्रशिक्षित केलेली संगणकीय रचना असते. मागील शब्दांच्या आधारे पुढील शब्दाची शक्यता वर्तवणे हे तिचे मूळ काम. क्रीडा सट्टेबाजीच्या क्षेत्रात अशा प्रारूपाचे उपयोग साधारणपणे चार प्रकारचे असतात. सामन्यांची वृत्ते, समालोचन व खेळाडूंच्या दुखापतींच्या बातम्या वाचून त्यातून पैजेचा भाव ठरवण्यास उपयुक्त माहिती वेगळी काढणे, हा पहिला प्रकार. वापरकर्त्याशी संवाद साधून त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणे, हा दुसरा. प्रत्येक वापरकर्त्याच्या सवयीनुसार त्याला पैज लावण्यास उद्युक्त करणारे संदेश तयार करणे, हा तिसरा. चौथा प्रकार याच्या उलट दिशेचा आहे. व्यसनाधीन खेळाची लक्षणे, सामनानिश्चितीचा संशय किंवा बेकायदेशीर जाहिराती ओळखण्यासाठीही हेच तंत्र वापरता येते. परीक्षणात या चारही प्रकारांना एकच निकष सरसकट लावता येत नाही.

सट्टेबाजीविषयक कायदा

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत ३४ व्या नोंदीनुसार पैजा व जुगार हा राज्यांचा विषय आहे. महाराष्ट्रात १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम लागू आहे. त्याचे नाव आता महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम असे आहे. या कायद्याच्या १३ व्या कलमानुसार निव्वळ कौशल्याचे खेळ त्याच्या कक्षेबाहेर आहेत, तर घोड्यांच्या शर्यतींवरील पैजांना ठरावीक अटींवर सूट आहे.

कौशल्य आणि नशीब यांतील सीमारेषा न्यायालयांनी वेळोवेळी आखली. 'मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये जुगार हा घटनेने संरक्षित केलेला व्यापार नव्हे, असा निर्णय दिला. १९६८ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरला आणि १९९६ मध्ये 'के. आर. लक्ष्मणन' प्रकरणात घोड्यांच्या शर्यतींबाबत तसाच निष्कर्ष काढण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१९ रोजी 'गुरदीप सिंग सच्चर विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात ड्रीम ११ या मुंबईस्थित मंचावरील काल्पनिक संघनिवडीच्या स्पर्धा कौशल्याच्या असल्याचे म्हटले. विधी आयोगाने २०१८ मधील आपल्या २७६ व्या अहवालात सट्टेबाजीवर पूर्ण बंदी प्रत्यक्षात राबवणे शक्य नसेल, तर तिचे नियमन करण्याचा पर्याय मांडला होता.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन अधिनियम संमत केला. त्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून पैशाच्या परताव्याच्या अपेक्षेने खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांच्या बाबतीत या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला. असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. कायद्याला आव्हान देणाऱ्या विविध उच्च न्यायालयांतील याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग करण्यात आल्या.

परीक्षणाची प्रक्रिया

पेटंट अर्ज सामान्यतः १८ महिन्यांनंतर नियतकालिकात प्रसिद्ध होतो. मात्र केवळ अर्ज केल्याने परीक्षण सुरू होत नाही, त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. १५ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार ही मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आणण्यात आली. ऑनलाइन दाखल केलेल्या अर्जासाठी व्यक्ती, नवउद्यम, लघुउद्योग व शैक्षणिक संस्था यांना १,६०० रुपये, तर परीक्षणाच्या विनंतीसाठी ४,००० रुपये शुल्क आहे. इतरांसाठी ही शुल्के अनुक्रमे ८,००० व २०,००० रुपये आहेत.

परीक्षक नावीन्य, कल्पक पायरी व औद्योगिक उपयुक्तता या तीन कसोट्या लावतो, जुन्या प्रकाशनांचा शोध घेतो आणि पहिला परीक्षण अहवाल देतो. त्यातील आक्षेपांना उत्तर देण्यासाठी सहा महिने मिळतात. विनंती केल्यास ही मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढते. अर्जदाराने मागणी केल्यास त्याला सुनावणीची संधी दिल्याशिवाय नियंत्रक अर्ज फेटाळू शकत नाही. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही व्यक्ती कलम २५ (१) अन्वये विरोध नोंदवू शकते. मंजुरीनंतर एक वर्षापर्यंत हितसंबंधित व्यक्तीला विरोध करता येतो.

अपात्रतेची कलमे

अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात 'शोध' न मानल्या जाणाऱ्या बाबींची यादी आहे. सट्टेबाजीच्या भाषा प्रारूपाला तिच्यातील चार उपकलमे थेट लागू होऊ शकतात.

कलम ३ (के) : गणिती किंवा व्यवसाय पद्धत, निव्वळ संगणक आज्ञावली आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. हे उपकलम आजच्या स्वरूपात २००२ च्या दुरुस्तीने आले. भावांची गणना ही गणिती पद्धत, तर पैजांची देवघेव व नफ्याची आखणी ही व्यवसाय पद्धत ठरण्याचा संभव असतो.

कलम ३ (एम) : बौद्धिक कृतीची योजना किंवा नियम, तसेच खेळ खेळण्याची पद्धत वगळलेली आहे. पैजेचा नवा प्रकार, मग तो कितीही अभिनव असो, या उपकलमात अडकतो.

कलम ३ (एन) : माहितीचे केवळ सादरीकरण वगळलेले आहे. सामन्याचा अंदाज सुबोध वाक्यांत मांडणे एवढाच दावा असेल तर हा आक्षेप येतो.

कलम ३ (बी) : ज्या शोधाचा मुख्य किंवा उद्दिष्ट वापर अथवा व्यापारी उपयोग सार्वजनिक सुव्यवस्था वा नीतिमत्तेविरुद्ध असू शकेल, तो पेटंटयोग्य नाही. पेटंट कार्यालयाच्या कार्यपद्धती पुस्तिकेत या उपकलमाच्या उदाहरणांमध्ये चोरीची साधने व बनावट नोटांची यंत्रे यांच्या बरोबरीने जुगाराचे साधन किंवा पद्धत यांचाही उल्लेख आहे.

तांत्रिक परिणामाची कसोटी

कलम ३ (के) मधील 'निव्वळ' या शब्दाचा अर्थ हा भारतीय संगणकीय पेटंटांमधील मध्यवर्ती वाद राहिला आहे. पेटंट कार्यालयाने २०१५ मध्ये संगणकसंबंधित शोधांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली व त्याच वर्षी स्थगित केली. २०१६ मध्ये नवीन हार्डवेअरची अट घालण्यात आली, तर २०१७ च्या आवृत्तीत ती वगळण्यात आली. जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित आवृत्तीत कृत्रिम बुद्धिमत्तेशी संबंधित दाव्यांचाही विचार केलेला आहे.

'फेरिद अलानी विरुद्ध भारत सरकार' (१२ डिसेंबर २०१९) या निर्णयात दिल्ली उच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, आज्ञावलीमुळे तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान साध्य होत असेल, तर केवळ आज्ञावलीवर आधारलेला म्हणून शोध नाकारता येत नाही. मे २०२३ मधील मायक्रोसॉफ्ट प्रकरणात हाच विचार पुढे नेण्यात आला. त्याच महिन्यातील 'ओपनटीव्ही' प्रकरणात मात्र व्यवसाय पद्धतींवरील मनाई निरपवाद असल्याचे न्यायालयाने सांगितले. म्हणजे आज्ञावलीला 'निव्वळ' या शब्दाचा आधार मिळतो, व्यवसाय पद्धतीला तो मिळत नाही. सट्टेबाजीच्या उपयोजनांचे बहुतांश दावे व्यवहाराभोवती रचलेले असल्याने हा भेद त्यांच्यासाठी निर्णायक ठरतो.

व्यवहारात परीक्षक दाव्यातील सट्ट्याचा भाग बाजूला ठेवून उरलेल्या भागाकडे पाहतो. प्रारूप कमी स्मृतीत चालावे, थेट समालोचनाच्या प्रवाहातून विलंब न होता माहिती निघावी किंवा संगणकजालावरील भार घटावा, यासाठी विशिष्ट तांत्रिक उपाय सांगितला असेल तर पात्रतेचा मार्ग खुला राहतो. अंदाज अधिक अचूक येतो किंवा मंचाचे उत्पन्न वाढते, हा परिणाम तांत्रिक मानला जाण्याची शक्यता कमी असते.

मराठी कुस्तीच्या उदाहरणाने हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. सर्वांना उपलब्ध असलेले एखादे भाषा प्रारूप कोल्हापूरच्या खासबाग मैदानावरील कुस्त्यांच्या वृत्तांवर पुन्हा प्रशिक्षित केले, असे मानू. त्यामुळे ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे डाव, किंवा 'निकाली कुस्ती' आणि 'बरोबरीत सुटलेली कुस्ती' यांतील फरक प्रारूपाला कळू लागेल. ही माहिती उपयुक्त आहे, पण ज्ञात पद्धत नव्या मजकुरावर चालवली एवढ्याने कल्पक पायरी सिद्ध होत नाही. मिश्र लिपीतील, बोलीतील तुटक मजकूर हाताळण्यासाठी शब्दविभाजनाची नवी तांत्रिक रचना केली असेल, तर तो दावा वेगळ्या पातळीवर तपासला जाईल.

विवरणाची पूर्तता

कलम १० नुसार अर्जदाराने शोध आणि तो अमलात आणण्याची त्याला ज्ञात असलेली सर्वोत्तम पद्धत पूर्णपणे उघड केली पाहिजे. भाषा प्रारूपाच्या बाबतीत प्रशिक्षणासाठीच्या मजकुराचे स्वरूप, प्रारूपाची रचना आणि प्रशिक्षणाच्या पायऱ्या इतक्या तपशिलाने द्याव्या लागतात की, त्या क्षेत्रातील जाणकाराला ते पुन्हा घडवता यावे. 'प्रशिक्षित प्रारूपाच्या साहाय्याने भाव काढला जातो' एवढे विधान अपुरे ठरते. सट्टेबाजीच्या कंपन्या आपली भावगणना गोपनीय ठेवू पाहतात, तर पेटंटसाठी ती जाहीर करावी लागते. त्यामुळे अशा अनेक पद्धती पेटंटऐवजी व्यापारी गुपित म्हणून जपल्या जातात.

नीतिमत्ता की कायदेशीर मनाई

एखादी गोष्ट कायद्याने मना आहे म्हणून ती आपोआप पेटंटअपात्र ठरते काय, हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराचे कलम २७ (२) सार्वजनिक सुव्यवस्था व नीतिमत्तेच्या रक्षणासाठी शोध वगळण्याची मुभा देते. परंतु देशांतर्गत कायद्याने वापरावर बंदी आहे, एवढ्याच कारणास्तव शोध वगळता येणार नाही, असेही त्यात नमूद आहे. भारत १९९८ पासून सदस्य असलेल्या पॅरिस करारातही विक्रीवरील निर्बंध हे पेटंट नाकारण्याचे कारण असू नये, अशी तरतूद आहे.

पेटंट हा इतरांना रोखण्याचा अधिकार आहे, स्वतः वापर करण्याचा परवाना नव्हे. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये आयटीसी कंपनीच्या वायुद्रावण निर्माण करणाऱ्या तापक संचाबाबतच्या प्रकरणात हाच भेद अधोरेखित करून कलम ३ (बी) खालील नकार रद्द केला. ई-सिगारेटवर देशात बंदी असतानाही हा निर्णय झाला, त्यामुळे सट्टेबाजीच्या अर्जांमध्येही त्याचा आधार घेतला जाऊ शकतो. दुसऱ्या बाजूने, जुगाराला न्यायालयांनी दीर्घकाळ समाजविघातक मानले आहे. म्हणून येथील आक्षेप केवळ कायदेशीर बंदीवर नव्हे, तर नीतिमत्तेच्या स्वतंत्र आधारावरही टिकू शकतो, असा युक्तिवाद केला जातो.

दाव्याची भाषा येथे महत्त्वाची ठरते. व्यसनाधीन वापरकर्ता ओळखून त्याला थांबवणारे प्रारूप आणि तोच वापरकर्ता ओळखून त्याला आणखी पैज लावायला लावणारे प्रारूप यांची तांत्रिक रचना जवळजवळ सारखी असू शकते. कलम ३ (बी) मुख्य किंवा उद्दिष्ट वापर विचारात घेत असल्याने पहिल्याला त्याचा अडथळा होण्याचे कारण नाही, दुसऱ्याला मात्र तो होऊ शकतो.

इतर देशांतील स्थिती

अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ मधील 'ॲलिस' निर्णयानंतर अमूर्त कल्पना संगणकावर राबवणे एवढ्यावर पेटंट मिळत नाही. त्यानंतर 'इन रे स्मिथ' (२०१६) मध्ये पत्त्यांच्या जुगाराचे नवे नियम अमूर्त कल्पना ठरले. १८ एप्रिल २०२५ रोजी 'रिसेंटिव्ह ॲनालिटिक्स विरुद्ध फॉक्स' या प्रकरणात फेडरल सर्किट न्यायालयाने प्रचलित यंत्रशिक्षण नव्या प्रकारच्या माहितीला लावणे पेटंटयोग्य नाही, असा निर्णय दिला. तो वाद थेट कार्यक्रमांची वेळापत्रके व दूरचित्रवाणी प्रसारणाचे नकाशे यांविषयीचा होता. युरोपीय पेटंट कार्यालय २००२ च्या 'कॉमविक' निर्णयानुसार दाव्यातील तांत्रिक वैशिष्ट्यांवरच कल्पक पायरी मोजते.

कोल्हापूर व अधिकारक्षेत्र

भारतीय पेटंट कार्यालयाचे मुख्यालय कोलकाता येथे असून दिल्ली, चेन्नई व मुंबई येथे शाखा आहेत. मुंबई शाखेच्या कक्षेत महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश व छत्तीसगड ही राज्ये येतात. अर्ज ऑनलाइन भरता येत असल्याने कोल्हापूरच्या संशोधकाला त्यासाठी मुंबईस जाण्याची गरज नसते. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाल्यावर नियंत्रकाच्या आदेशाविरुद्धची अपिले कलम ११७ (ए) अन्वये उच्च न्यायालयाकडे जातात. अपिलाची मुदत तीन महिन्यांची आहे. मुंबई कार्यालयाच्या आदेशांबाबत ते मुंबई उच्च न्यायालय होय. या न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले असून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याशी जोडलेले आहेत.

कोल्हापूरची बौद्धिक संपदा म्हणून सामान्यतः कोल्हापुरी चप्पल व कोल्हापूर गूळ यांची भौगोलिक मानांकने ओळखली जातात. मानांकन एखाद्या प्रदेशातील उत्पादकांच्या समूहाला मिळते व त्याचे वारंवार नूतनीकरण होऊ शकते. पेटंट मात्र विशिष्ट धारकास अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षांसाठीच मिळते. त्यानंतर शोध सर्वांसाठी खुला होतो.

हेही पहा

पेटंट
बौद्धिक संपदा
भौगोलिक मानांकन
विशाल भाषा प्रारूप
मुंबई उच्च न्यायालय