नदीपासून मागापर्यंत

बाजाराला, दवाखान्याला आपण इचलकरंजीला कितीदा जातो. पण ते गाव नीट पाहिलंय का? गटातल्या चौघीजणी मिळून एक सकाळ काढा. वाटाड्या नको, आपले पाय पुरेत.

पंचगंगेच्या घाटावरून निघा आणि राजवाड्याकडे या. आज तिथं कापडविद्या आणि इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे. इथले जहागीरदार घोरपडे. पेशवे बाळाजी विश्वनाथांची लेक, थोरल्या बाजीरावांची बहीण अनुबाई ही या घराण्याची सून. पती व्यंकटराव गेल्यावर जहागिरीचा कारभार त्यांनी सांभाळला.

आता मागांच्या गल्लीत शिरा, खटखट ऐकू येईल. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला. पुढं जहागिरीचं गाव कापडाचं शहर झालं. धोट्याच्या मागाजवळ कांड्या भरणाऱ्या बायका दिसतील. कांडी भरली नाही, तर धोटा रिकामा धावतो; कापड पुढं सरकत नाही.

अनुबाईंचं नाव इतिहासात राहिलं. कांडीवालीचं कोण लिहिणार? तिच्याशी दोन शब्द बोला, तिचं नाव विचारा आणि परतल्यावर गटाच्या वहीत लिहून ठेवा.