पाहून काढलेला प्राणी

गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला सारस पक्षी कसा असतो हे सांगायला नको. धानाच्या बांध्यांत, तळ्याबोड्यांच्या काठी ही उंच जोडी त्याने पाहिलेली असते. महाराष्ट्रात सारस आता उरला आहे तो मुख्यतः याच जिल्ह्यात, आणि तोही मोजकाच. पण एक विचारतो. कागद पुढे घेऊन आपण सारस काढायला बसलात, तर त्याच्या मानेवरचा तांबडा रंग नेमका कुठे संपतो हे आठवणीतून सांगता येईल? बहुतेकांना येणार नाही. दिसणे वेगळे आणि पाहणे वेगळे. प्राण्यांच्या चित्रांचा इतिहास हा या दोहोंतल्या फरकाचा इतिहास आहे.

त्यातली एक गोष्ट गोव्याहून सुरू होते. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला एक गेंडा भेट पाठवला. आल्बुकर्कने तो १५१५ च्या जानेवारीत जहाजावर चढवून पोर्तुगालला धाडला. मे महिन्यात तो लिस्बनला पोचला आणि सगळीकडे बोलबाला झाला. जर्मनीत आल्ब्रेख्त ड्यूरर नावाचा थोर चित्रकार होता. त्याने हा गेंडा पाहिला नव्हता. कुणी लिहिलेले वर्णन आणि एक कच्चे रेखाटन, एवढ्यावरून त्याने लाकडी ठशाचे चित्र केले. अंगावर चिलखतासारखे पत्रे आले, पायांवर खवले आले, आणि मानेपाशी एक जादा शिंगही उगवले! युरोपात पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ लोक याच चित्राला खरा गेंडा मानत राहिले. हात कसबी होता, पण डोळ्यापुढे जनावर नव्हते.

आता पुण्याला या. सवाई माधवरावांच्या शिकारखान्यात एक गेंडा होता. १७९० साली गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट या पुणेकर चित्रकाराने तो जलरंगात काढला. घराणे तांबटाचे, पण हात चित्रकाराचा. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट हा त्याच्या कामाचा चाहता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्याला आला तो १७९२ मध्ये. पुढे गंगारामने त्याच्या हाताखाली काम केले, वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. पण गेंडा त्याच्या आधीचा आहे, हे ध्यानात ठेवावे. आज हे चित्र अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्यात जादा शिंग नाही. चित्रकार जनावरासमोर होता, एवढेच त्याचे कारण.

मग ही विद्या साहेबाने आणली म्हणावे काय? छे. जहांगीर बादशहाच्या पदरी उस्ताद मन्सूर होता. बादशहा स्वतः सारसाची जोडी पाळून तिची अंडी, पिले न्याहाळी आणि आपल्या आठवणींत लिहून ठेवी. मन्सूरला तो दुर्मिळ पक्षी, फुले काढायला लावी. मॉरिशसचा डोडो पक्षी सतराव्या शतकातच जगातून नाहीसा झाला. त्याचे मन्सूरच्या हातचे मानले जाणारे एक रंगीत चित्र मात्र रशियात जपलेले आहे, आणि डोडोचा रंग कसा होता हे ठरवताना शास्त्रज्ञ आजही ते उघडतात. पक्षी गेला, साक्ष राहिली.

जुने चित्रकार रंगात सफेदा मिसळून तो दाट करीत आणि खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने एकेक पीस ओढीत. विलायती जलरंगाची रीत उलटी. रंग पातळ, पारदर्शक. आधी फिका हात, तो वाळला की गडद. पांढरे हवे तिथे कागद कोरा ठेवायचा. डोळ्यातली चमक म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा कोरा कागद. तो एकदा रंगाखाली गेला की परत मिळणे कठीण. म्हणूनच हात चालवण्याआधी डोळा चालवावा लागतो.

सारसाच्या बाबतीत पाहायचे ते हे: माथा राखी आणि उघडा, त्याखाली डोके व मानेचा वरचा भाग तांबडा, मग फिकट पट्टा, मग करडे अंग, पाय गुलाबीसर. विणीच्या दिवसांत तांबडा अधिक खुलतो. पिलाचे डोके मात्र बदामी पिसांनी झाकलेले. म्हणजे एकच सारस काढून भागत नाही. कोणता सारस, कोणत्या महिन्यातला, हे पाहावे लागते.

पुण्यातला तो शिकारखाना आज नाही. गंगारामच्या कागदावर गेंडा तेवढा उभा आहे. गोंदियाचा सारस अजून बांधीत उभा आहे. त्याचे घरटे राखणे हे पहिले काम. ते शेतकऱ्याच्या आणि सरकारच्या हाती. पण रंगाची पेटी ज्याच्या घरी आहे, त्यालाही काम आहे. शाळेतल्या मुलांना पुस्तकातले चित्र गिरवायला देऊ नका. त्यांना तळ्याकाठी न्या, दूर बसवा, आणि आधी अर्धा तास नुसते पाहू द्या. जो नीट पाहून काढतो, तो त्या पाखराला सहसा विसरत नाही.