लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजीकरणातील फाइलनावे

लिनक्स कर्नलचे दस्तऐवजीकरण त्याच्या मूळ संगणकीय संहितेसोबतच 'डॉक्युमेंटेशन' या निर्देशिकेत ठेवले जाते. पूर्वी तेथे साध्या मजकुराच्या असंख्य फाइली एकत्र असत. काहींच्या नावापुढे '.टीएक्सटी' असे, तर 'कोडिंगस्टाइल', 'सबमिटिंगपॅचेस' यांसारख्या नावांपुढे काहीच नसे. कोणत्या फाइलीत काय आहे, याची सूची '००-इंडेक्स' या फाइलीत हाताने लिहिली जाई. ती वेळोवेळी अद्ययावत होत नसल्याने २०१८ मध्ये ही पद्धत बंद झाली.

२०१६ मधील ४.८ या आवृत्तीपासून स्फिंक्स ही प्रणाली व रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही लेखनपद्धती स्वीकारण्यात आली. त्यानंतर फाइलींना '.आरएसटी' हा प्रत्यय देऊन वाचकवर्ग व विषय यांनुसार उपनिर्देशिकांत त्यांची विभागणी होऊ लागली. उदाहरणार्थ, 'सबमिटिंगपॅचेस'मधील मजकूर 'प्रोसेस' या उपनिर्देशिकेत गेला.

फाइलीचे नाव बदलल्यास संहितेतील टिपांमधले व इतर दस्तऐवजांमधले तिचे जुने उल्लेख निरुपयोगी ठरतात. असे तुटलेले संदर्भ शोधण्यासाठी प्रकल्पात स्वतंत्र स्क्रिप्ट आहे. सुपरिचित जुन्या नावांच्या जागी मात्र नवा पत्ता सांगणाऱ्या छोट्या फाइली ठेवल्या आहेत.