परक्या नावांचे लाकूड

अपरिचित वस्तूला परिचित नाव दिले की ती वस्तू आपल्याला कळली, असा समज भाषेच्या व्यवहारात सहज होतो. परक्या संज्ञा वापरून आपले साहित्य समजून घेताना आम्हा अध्यापकांना याचा अनुभव नेहमीच येतो. ऑस्ट्रेलियातील देशी लाकडाचा इतिहास वाचताना मात्र असे दिसते की, तेथे या समजाची झळ सुतारांना, करवत्यांना आणि अखेर जंगलांनाही लागली.

१७८८ साली सिडनी येथे ब्रिटिशांची पहिली वसाहत झाली. समोर उभी असलेली बहुसंख्य झाडे निलगिरीच्या कुळातली होती आणि इंग्लंडच्या रानात त्यांचे कोणी सगेसोयरे नव्हते. आगंतुकांनी मग मायदेशाच्या आठवणींतून नावे काढली. तांबूस, सुगंधी लाकूड 'रेड सीडर' झाले. आपल्या सुरूच्या कुळातील झाडाच्या फळीवर ओकसारख्या चमकदार रेषा दिसल्या, म्हणून ते 'शी-ओक' ठरले. पश्चिम किनाऱ्याकडचे लाल लाकूड 'स्वान रिव्हर महोगनी' म्हणून ओळखले जाऊ लागले, तर आग्नेयेकडील गगनचुंबी वृक्षाला 'माउंटन अ‍ॅश' म्हटले गेले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने यांपैकी एकही नाव खरे नाही. 'रेड सीडर' तर आपल्या सह्याद्रीतही वाढणारे तूण. त्याच्या शास्त्रीय नावातील 'टूना' हा शब्द या भारतीय नावावरूनच घेतलेला आहे.

सीडरच्या बाबतीत उसने नाव कसेबसे निभावले. लाकूड हलके, मऊ आणि लवकर वाळणारे होते. खड्ड्यावर ओंडका ठेवून एक करवत्या वर आणि दुसरा खाली, भुशाच्या पावसात, अशी त्याची कापणी चाले. या लाकडाची हाव इतकी वाढली की, १८०२ साली गव्हर्नर किंग यांना हॉक्सबरी नदीकाठच्या सीडरतोडीवर निर्बंध घालावे लागले. तरीही ते शतक संपेपर्यंत न्यू साउथ वेल्सच्या किनारपट्टीतील सहज हाती येणारे सीडर जवळजवळ नाहीसे झाले होते.

निलगिरीच्या कुळाने मात्र उसन्या नावांना दाद दिली नाही. उभ्या झाडाच्या अंगातच मोठा ताण असतो. करवत फिरताच तो मोकळा होतो आणि फळी धनुष्यासारखी वाकते. म्हणून करवत्याला ओंडका फिरवून आलटूनपालटून समोरासमोरच्या बाजूंनी कापावा लागतो. त्यानंतरची परीक्षा वाळवणीची. मराठीत आपण लाकूड 'मुरले' असे म्हणतो. या क्रियापदात गृहीत असलेला काळ येथे फार महत्त्वाचा आहे. फळ्यांच्या थरांमध्ये बारीक पट्ट्या घालून, टोकांना मेण किंवा रंग लावून, सावलीत वाऱ्यावर रचलेल्या थप्पीला साधारणपणे दर इंच जाडीमागे एक वर्ष द्यावे लागते. घाई केली की तडे जातात. माउंटन अ‍ॅशची अडचण याहूनही वेगळी होती. तिच्या पाण्याने भरलेल्या पेशींतून पाणी बाहेर पडताना पेशींच्या भिंतीच आत ओढल्या जात आणि फळी सुरकुतून नाल्या पडल्यासारखी होई. ओक किंवा अ‍ॅश वाळवण्याचे युरोपीय ज्ञान येथे अपुरे पडले.

हा गुंता सुटला तो या लाकडाचा त्याच्याच स्वभावानुसार अभ्यास झाल्यावर. १९२० च्या दशकाच्या अखेरीस मेलबर्न येथे सरकारी वैज्ञानिक परिषदेचा वनोत्पादन विभाग आय. एच. बोअस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि सुरकुतण्याच्या दोषाचा तेथे पद्धतशीर अभ्यास झाला. उपाय वरवर उलटा वाटतो. फळी बरीचशी वाळल्यावर, तिच्यात सुमारे १५ ते २० टक्के ओल उरली असताना, तिला १०० अंश सेल्सिअसच्या वाफेत काही तास ठेवायचे. पेशींच्या भिंती नरम होतात, दबलेल्या पेशी पुन्हा आकार घेतात आणि मग ती फळी नीट वाळवता येते. एरवी मुख्यतः बांधकामाला किंवा सरपणाला गेले असते असे लाकूड या पद्धतीमुळे तक्तपोशीला आणि टेबलखुर्च्यांना लायक ठरले. बाजारात मात्र ते 'टास्मानियन ओक' या नव्या उसन्या नावाने उतरले. हे नाव एका नव्हे, तीन वेगवेगळ्या जातींना मिळून दिलेले आहे.

'स्वान रिव्हर महोगनी'ची कथा याच्या उलट दिशेने जाते. त्या लाकडाने उसने नाव टाकले आणि नुंगार या मूलनिवासी समाजाच्या भाषेतून आलेले 'जारा' हे नाव जगभर रूढ केले. मान मात्र त्याला उशिरा मिळाला. वाळवीला न जुमानणारे हे लाकूड कित्येक दशके रेल्वेचे स्लीपर, पुलांचे खांब आणि लंडनच्या रस्त्यांत बसवायचे ठोकळे यांसाठी खर्ची पडले. जमिनीत पुरायच्या लाकडाचे सौंदर्य पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही.

याच भूमीतील मूलनिवासी लोक मरी नदीच्या काठी उभ्या झाडाची साल सोलून नावा करीत. झाड पुढेही जगत राही. ते व्रण अंगावर वागवणारी झाडे आजही दिसतात. त्यांच्याकडून नावे काही प्रमाणात घेतली गेली. वृक्षाशी वागण्याची रीत फारशी घेतली गेली नाही, असे आम्हाला वाटते.

१ जानेवारी २०२४ पासून व्हिक्टोरियाच्या सरकारी नैसर्गिक जंगलांतील व्यापारी लाकूडतोड थांबली. पश्चिम ऑस्ट्रेलियातही तेव्हापासून अशी मोठी तोड बंद झाली. जंगलाच्या विरळणीसारखे काही अपवाद तेवढे उरले. देशी लाकडावर काम करणारे सुतार म्हणूनच वादळात पडलेल्या झाडांकडे, मोडलेल्या घरांच्या तक्तपोशीकडे आणि जुन्या स्लीपरांकडे वळताना दिसतात. रुळांखाली अनेक वर्षे मुरलेला जाराचा स्लीपर पुन्हा करवतीखाली आला की, काळवंडलेल्या पृष्ठाखालून गडद तांबडा रंग निघतो. तो रंग पहिल्या दिवसापासून तेथेच होता. आपल्या अभ्यासाच्या कोठारातही उसन्या संज्ञांची चिठ्ठी लावून बाजूला ठेवलेले काय काय आहे, हे एकदा पाहायला हवे.