चार ठिपक्यांचा अर्थ

२०२२ साली बेंगळुरूच्या होपफार्म चौकातील एका वाहतूक फलकावर केवळ चार काळे ठिपके होते. त्यांचा अर्थ न उमगल्याने एका नागरिकाने समाजमाध्यमावर विचारणा केली. वाहतूक पोलिसांनी उत्तर दिले: पुढे रस्त्यावर अंध व्यक्ती असू शकतात, वाहन जपून चालवा. या चौकात अंधशाळा आहे.

रस्त्यावरील चिन्हांचा आंतरराष्ट्रीय इतिहासही चार आकृत्यांपासूनच सुरू होतो. १९०९ च्या पॅरिस कराराने उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वे फाटक या चार धोक्यांसाठी चित्रे निश्चित केली. १९३१ च्या जिनिव्हा करारानुसार धोक्याची चिन्हे त्रिकोणी होती. १९६८ च्या व्हिएन्ना कराराने ही व्यवस्था विस्तारली. भारत त्यात १९८० मध्ये सामील झाला.

वळणाचे चित्र वळणासारखे दिसते, म्हणून ते न शिकताही कळते. ठिपके मात्र कशासारखेच दिसत नाहीत. त्यांचा अर्थ निव्वळ संकेताने ठरतो. जर्मनीत दृष्टिहीन पादचारी दंडावर तीन काळ्या ठिपक्यांची पिवळी पट्टी बांधतात. तिचाही अर्थ शिकावाच लागतो.

संकेत शिकवला गेला नाही, तर फलक उभा असूनही मुका राहतो. त्या मौनाचा धोका फलक न कळलेल्या चालकापेक्षा रस्ता ओलांडणाऱ्या अंध व्यक्तीला अधिक असतो.