साठी, बुद्धी आणि धमन्या

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी माणसाने इतक्या सहजतेने स्वीकारली आहे की ती तपासून पाहावी असे फारसे कोणास वाटत नाही. केंद्र सरकारने १९९८ साली सेवानिवृत्तीचे वय ५८ वरून ६० वर नेले, तेव्हापासून तर आम्हां सरकारी नोकरांच्या बाबतीत म्हणीतली साठी आणि नियमातली साठी यांची गाठच पडली आहे. सांगलीस किंवा अमरावतीस राहिलेल्या वडिलांचे बोलणे दूरध्वनीवर तुटक वाटू लागले, त्यांना घरचा हिशेब जमेनासा झाला, की दिल्लीतला मुलगा ‘वय झाले’ असे म्हणतो आणि विषय तेथेच संपतो. या दोन शब्दांवर वैद्यकशास्त्रानेही दीर्घकाळ निभावून नेले. ते अपुरे कसे ठरले, आणि ते ठरविण्यात आपल्या मुंबईचा व दिल्लीचा वाटा कोणता, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा खर्च करतो. त्याच्यापाशी साठा मुळीच नाही. रोजच्या रोज आणून रोज खाणाऱ्या कुटुंबासारखी त्याची स्थिती असते. त्याला रक्त पुरविणाऱ्या धमन्या तळाशी एकमेकींना मिळून एक कडे तयार करतात. इंग्रज वैद्य टॉमस विलिस याने १६६४ साली आपल्या ग्रंथात या कड्याचे वर्णन केले व आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. एक वाट बंद झाली तरी दुसरीने रक्त पोहोचावे अशी ही योजना आहे. परंतु या कड्यापासून निघून मेंदूच्या गाभ्यात शिरणाऱ्या केसासारख्या बारीक धमन्यांना असा शेजार नसतो. त्यांतली एक बुजली की तिच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा लहानसा तुकडा कायमचा मरतो. पुढील सारी कथा या बारीक धमन्यांची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९४ साली, जर्मनीत ओटो बिन्सवांगर याने धमन्यांच्या विकाराने मेंदूचा अंतर्भाग झिजून बुद्धी मंदावलेल्या रोग्यांचे वर्णन केले. त्याच सुमारास आलोइस अल्झायमर हाही याच विषयावर काम करीत होता. ज्या रोगाला पुढे त्याचे नाव मिळाले, त्या रोगाची पहिली रोगीण त्याने १९०६ साली विद्वत्सभेपुढे मांडली. पण त्यापूर्वी तो मेंदूच्या कठीण झालेल्या धमन्यांचा अभ्यासक होता, हे आज फारसे कोणी सांगत नाही. १९१० साली क्रेपेलिनने ‘अल्झायमरचा रोग’ हे नाव रूढ केले ते ऐन वयात होणाऱ्या स्मृतिभ्रंशापुरते. म्हातारपणीच्या विस्मृतीचे खापर मात्र पुढील अर्धशतक सरसकट धमनीकाठिण्यावर फुटत राहिले. वयाबरोबर धमन्या कठीण व्हावयाच्याच, रक्त कमी व्हावयाचेच आणि बुद्धी जावयाचीच, असा तो समज होता. आपल्या म्हणीला जणू शास्त्राची मोहोर मिळाली होती.

ही मोहोर खरी की खोटी हे पाहण्याचे साधन १९४० नंतर हाती आले. सेमूर केटी व कार्ल श्मिट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी माणसाला अल्प प्रमाणात नायट्रस ऑक्साइड वायू हुंगावयास देऊन, मेंदूकडे जाणाऱ्या व मेंदूकडून येणाऱ्या रक्तातील त्याचे प्रमाण ताडून, मेंदूतील रक्तप्रवाह मोजण्याची रीत काढली. हीच रीत वापरून वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथील सरकारी संस्थेत ६५ ते ९१ वर्षांच्या ४७ पुरुषांची कसून तपासणी झाली. तिचा वृत्तान्त १९६३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातील मेंदूच्या रक्ताभिसरणावरील प्रकरणाच्या लेखकांत पहिले नाव आहे दाराब दस्तूर यांचे. हेच दस्तूर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालयातील मज्जाविकृतींच्या संशोधन विभागाचे प्रमुख म्हणून ख्यातनाम झाले.

त्यांना काय आढळले? जे वृद्ध सर्वार्थाने निरोगी होते त्यांच्या मेंदूतील रक्तप्रवाह विशीतल्या तरुणांच्या प्रवाहाहून लक्षणीय कमी नव्हता. तो कमी होता तो धमनीविकाराची सौम्य, स्वतःलाही न जाणवणारी चिन्हे असलेल्या वृद्धांत. म्हणजे रक्त आटते ते केवळ वर्षे उलटल्याने नव्हे. ते रोगाने आटते. फरक लहान दिसतो, परंतु त्याचा परिणाम फार मोठा आहे. वयावर इलाज नसतो; रोगावर असू शकतो.

इलाजाची कथा तर आपल्याच मातीतली आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना जुनी परिचित. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत. करोल बागेतील तिब्बिया कॉलेजात १९३१ साली सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्या मुळांतून काही द्रव्ये वेगळी केली व त्यांतील एकाला हकीम अजमलखानांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंवर चालते असे लिहिले. पुढे मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी तिच्या गुणाची रोग्यांवर पद्धतशीर परीक्षा करून १९४९ साली ब्रिटनच्या हृद्रोगविषयक नियतकालिकात निष्कर्ष छापले, आणि पाश्चात्त्य जग जागे झाले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य मिळाले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार लाभला.

१९६७ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अतिशय वाढलेल्या रक्तदाबाच्या १४३ पुरुषांपैकी ७३ जणांना तीन औषधे दिली, त्यांत एक रेसर्पिन. उरलेल्या ७० जणांना निरुपद्रवी गोळ्या. पहिल्या गटात गंभीर आघात दोन, दुसऱ्यात सत्तावीस! दाब उतरविल्याने माणूस वाचतो, हे त्याने निर्विवाद ठरले. दुष्परिणामांमुळे, विशेषतः मनाला येणाऱ्या विषण्णतेमुळे, आज रेसर्पिन मागे पडले आहे आणि ती मुळी कोणी आपल्या मनाने घेऊ नये. परंतु वाट तिने दाखविली.

राहिला प्रश्न बुद्धीचा. १९७० साली न्यूकॅसल येथील टॉमलिन्सन, ब्लेस्ड व रॉथ यांनी स्मृतिभ्रंशाने गेलेल्या ५० वृद्धांचे मेंदू तपासले. सुमारे निम्म्यांत अल्झायमरच्या खुणा होत्या. काहींत धमन्या बुजून मृत झालेला भाग, आणि काहींत दोन्ही. १९७४ साली हाचिन्स्की व सहकाऱ्यांनी प्रतिपादले की धमन्यांमुळे बुद्धी जाते ती रक्त हळूहळू आटल्याने नव्हे, अनेक लहानमोठ्या आघातांची बेरीज होऊन जाते. असा रोगी पायरी पायरीने उतरतो. केवळ नावे विसरत नाही. त्याचा विचार मंदावतो, कामाचा क्रम लागत नाही. १९९७ साली अमेरिकेतील जोगिणींच्या अभ्यासाने आणखी एक दुवा जोडला: अल्झायमरच्या खुणा मेंदूत असूनही अनेकींची बुद्धी शाबूत होती, ज्यांना त्यांच्या जोडीला असे लहान आघात झाले होते, त्यांच्यात मात्र स्मृतिभ्रंश कितीतरी अधिक आढळला. दोन रोग एकमेकांना हात देतात, असा याचा अर्थ.

मग दाब उतरविल्याने बुद्धी राखता येते काय? युरोपातील १९९८ च्या एका प्रयोगात उपचार घेणाऱ्या वृद्धांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण निम्म्यावर आले. २०१९ साली अमेरिकेतील नऊ हजारांवर लोकांच्या प्रयोगात, वरचा दाब १२० च्या खाली आणण्याचा प्रयत्न केलेल्या गटात बुद्धीची सौम्य घसरण स्पष्टपणे कमी आढळली; पूर्ण स्मृतिभ्रंशातील घट मात्र निर्विवाद म्हणण्याइतकी नव्हती. तेव्हा अतिरेकी आशा नको. प्रत्येक विस्मृती टळत नाही, आणि मेलेला भाग परत जिवंत होत नाही. तरीही ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली जी चौदा टाळण्याजोगी कारणे सांगितली, त्यांत मध्यम वयातील रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान व रक्तातील मेद ही धमन्यांचीच शत्रुसेना आहे. चौदाही कारणे दूर झाली तर जवळजवळ पंचेचाळीस टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे.

आमच्या लक्ष्मीबाई नगरापासून थोड्याच अंतरावर असलेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. साठीपुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. आकडा भयावह खराच. पण त्यालाच उलटून वाचले तर म्हण कोसळते. साठी ओलांडलेल्या शंभरांपैकी ब्याण्णवांहून अधिक माणसांची बुद्धी ‘नाठी’ झालेली नाही!

साठीतल्या बुद्धीचा निकाल पुष्कळदा चाळिशीत लागतो. खुर्चीवर बसून फायलींचा निपटारा करणाऱ्या, बढतीची व बदलीची वाट पाहणाऱ्या आपल्या वर्गाला तर हे विशेष लागू आहे. कारण वाढलेला दाब दुखत नाही, खुपत नाही, रजेचा अर्जही करावयास लावीत नाही. केंद्रीय आरोग्य योजनेचे दवाखाने १९५४ पासून दिल्लीत आपल्या दाराशी आहेत. तेथे दंडाला पट्टा गुंडाळून घ्यावयास दोन मिनिटे लागतात. आणि गावाकडच्या वडिलांचे बोलणे अडखळू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून दूरध्वनी ठेवण्यापूर्वी त्यांचा रक्तदाब अखेरचा केव्हा पाहिला होता, एवढे तरी अवश्य विचारावे.