वस्तीनिहाय आकडेवारी आणि शहरगाभ्यातील गुंतवणूक

मोठ्या शहरांच्या जुन्या गाभ्यातील, गरीब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांची बाजारपेठ म्हणून फेरमोजणी करण्याची पद्धत. ती मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९० नंतर रूढ झाली. जनगणनेच्या सरासरीवर न थांबता मालमत्ताकराच्या नोंदी, बांधकाम परवाने, वीज व गॅसच्या जोडण्या, कर्जखाती आणि दुकानांतील विक्री अशा वेगवेगळ्या दप्तरांची सांगड तीत घातली जाते. वस्तीत माणसे किती, त्यांच्या हाती पैसा किती आणि त्यांपैकी किती खरेदी वस्तीबाहेर होते, याचा अंदाज त्यातून बांधतात.

वस्तीवार पाहणी ही कल्पना जुनीच आहे आणि तिचा पहिला मोठा वापर उलट हेतूने झाला. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ या सरकारी संस्थेने १९३५ ते १९४० या काळात दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार केले. त्यांत वस्त्यांना चार प्रती होत्या आणि शेवटची प्रत तांबड्या रंगात दाखवली जाई. कृष्णवर्णीय कुटुंबे राहतात एवढ्यावरूनही वस्तीची प्रत खाली येई. कर्जपुरवठा या नकाशांमुळे आटला, की १९३४ च्या ‘फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन’च्या विमा-नियमांमुळे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मात्र तपशील बारीक असला की निर्णय न्याय्य होतो, हा समज या नकाशांपुढे टिकत नाही. पाहणी करणारे रस्तोरस्ती फिरले होते. काय धोक्याचे मानायचे ते आधीच ठरलेले होते. पुढे शिकागोतील गेल सिनकॉटा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या रेट्याने १९७५ चा ‘होम मॉर्गेज डिस्क्लोजर ॲक्ट’ आला. बँकेने कोणाला कर्ज द्यावे हे तो सांगत नव्हता. कुठे दिले एवढे जाहीर करा, इतकीच त्याची मागणी होती. १९७७ च्या ‘कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट ॲक्ट’ने त्याला जबाबदारीची जोड दिली. १९८८ मध्ये अटलांटातील वृत्तपत्राने याच नोंदी चाळून दाखवले, की सारख्याच उत्पन्नाच्या गोऱ्या वस्त्यांत कृष्णवर्णीय वस्त्यांच्या पाचपट प्रमाणात गृहकर्जे दिली जात होती. उत्पन्न कमी म्हणून कर्ज नाही, हे समर्थन त्यानंतर लंगडे पडले.

कर्जाकडून बाजाराकडे लक्ष वळवण्याचे श्रेय बहुधा व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांना दिले जाते. त्यांचा शहरगाभ्याच्या स्पर्धाक्षमतेवरील लेख १९९५ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त आला. बोस्टनच्या शहरगाभ्यात कुटुंबाचे सरासरी उत्पन्न उर्वरित शहरापेक्षा २१ टक्क्यांनी कमी असूनही दर एकरी क्रयशक्ती जवळपास तेवढीच असल्याचे त्यांनी दाखवले. या पद्धतीचा सगळा डोलारा या एका हिशेबावर उभा आहे. दुकानाला गिऱ्हाईक लागते ते चालत येण्याच्या अंतरातले. तिथे शंभर घरांची सरासरी किती, यापेक्षा त्या अंतरात घरे किती, हे जास्त महत्त्वाचे. सरासरी उत्पन्नाच्या चाळणीतून दाट वस्ती गळून जाते आणि विरळ उपनगर वर राहते. यावर कमी उत्पन्नातले पुष्कळसे घरभाड्यात जाते, असा आक्षेप आहे. तो खरा आहे. पण त्यामुळे क्रयशक्ती कमी भरते, शून्य होत नाही, आणि किराणा, औषधे, कपडे ही खरेदी टळत नाही.

जनगणनेच्या आकड्यांतला सरासरीखेरीज दुसरा दोष मुळातच माणसे कमी मोजली जाण्याचा. १९९० च्या जनगणनेत सुमारे ४० लाख लोक मोजायचे राहून गेले. सुटलेल्यांचे प्रमाण कृष्णवर्णीयांत ४ टक्क्यांहून अधिक, तर हिस्पॅनिकांत सुमारे ५ टक्के होते. ‘सोशल कॉम्पॅक्ट’ या संस्थेने ‘नेबरहूड मार्केट ड्रिलडाउन’ नावाची मोजणी काढली ती याच उणिवेवर बोट ठेवून. रोखीचे, कुठेही नोंद न होणारे उत्पन्नही तीत अंदाजाने धरले जाई. शिकागोतील मेक्सिकनबहुल ‘लिटल व्हिलेज’चे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथील २६ वा रस्ता विक्रीकरात शहरातील उंची बाजारपेठेच्या, मिशिगन ॲव्हेन्यूच्या, खालोखाल असल्याचे वारंवार सांगतात.

गंभीर आक्षेप असा, की फेरमोजणी करवून घेणाऱ्याला आकडा वाढलेलाच हवा असतो. इथे दोन शहरे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. वॉशिंग्टन शहराची जनगणना खात्याने काढलेली २००५ ची अंदाजित लोकसंख्या ५,५०,५२१ होती. शहराने आक्षेप घेतल्यावर ती ५,८२,०४९ करण्यात आली, आणि २०१० च्या प्रत्यक्ष मोजणीत ६,०१,७२३ माणसे निघाली. डेट्रॉइटनेही आक्षेप नोंदवले होते. त्याचा २००८ चा अंदाज ९ लाखांच्या वर होता. २०१० मध्ये मोजली गेली ७,१३,७७७. वाढत्या शहरात नवे परवाने आणि नव्या जोडण्या माणसांचा माग देतात. ओसरत्या शहरात घर रिकामे झाले तरी दप्तरात ते उभेच राहते. म्हणून दप्तरी मोजणी टाकाऊ ठरत नाही. पण वस्ती भरते आहे की रिकामी होते आहे हे आधी ठरवल्याशिवाय तिच्यावर पैसा लावू नये, आणि तपासणी लाभार्थ्याखेरीज दुसऱ्याने करावी. गुंतवणूकदारांसाठी काढलेल्या अहवालांत या दुसऱ्या अटीला सहसा जागा मिळत नाही.

बाजार आहे हे सिद्ध झाल्यावरही तो कोणाच्या हाती जातो, हा प्रश्न उरतो. न्यूयॉर्कच्या पूर्व हार्लेममध्ये १२५ व्या रस्त्यावर १९९९ मध्ये ‘पाथमार्क’चे मोठे दुकान उघडले. ‘ॲबिसिनियन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन’ ही स्थानिक संस्था त्यात भागीदार होती. परिसरातल्या छोट्या किराणा दुकानदारांनी त्याला कडाडून विरोध केला. रहिवाशांना मात्र ताजी भाजी आणि कमी भाव मिळाले. २०१५ मध्ये मूळ कंपनी दिवाळखोरीत निघाल्याने दुकान बंद झाले. शिकागोच्या एंगलवूडमध्ये ‘होल फूड्स’ २०१६ मध्ये आले आणि २०२२ मध्ये गेले. साखळी दुकानाचा मुक्काम त्याच्या मुख्य कचेरीत ठरतो; वस्तीतल्या गिऱ्हाइकीचा त्यात फक्त एक वाटा असतो. तेव्हा गिऱ्हाइकीच्या आकड्यांवरून दुकान चालेल का याचा अंदाज येतो, ते टिकेल का याचा येत नाही.

भाडेवाढ व मूळ रहिवाशांचे स्थलांतर : या पद्धतीशी त्यांचा थेट संबंध वादग्रस्त आहे.

भारत : २०२१ ची दशवार्षिक जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. धारावीची लोकसंख्या व उलाढाल यांचे परस्परांशी न जुळणारे अंदाज प्रचलित आहेत.